लिंक तात्काळ भरावी
(देवणी तालुक्यात नव्याने रुजू होणाऱ्या गुरुजींसाठी ऑनलाईन अध्यापन व भागीदारीची प्राथमिक मार्गदर्शिका)

पवित्र पोर्टलवर निवड झाली आणि आदेशावर 'ता. देवणी, जि. लातूर' असं आलं, तर आधी अभिनंदन. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक. मानधन दरमहा 16,000 रुपये. 2023 पूर्वी ते 6,000 होतं, त्यामुळे डाटा पॅकच्या खर्चाचं रडगाणं जुन्या गुरुजींपुढे गाऊ नका. सहा हजारांत त्यांनी काय काय निभावलं ते ऐकण्यात मधली सुट्टी संपून जाईल.

ही मार्गदर्शिका अगदी नवख्यांसाठी आहे. आपली नेमणूक शिकवण्यासाठी झाली आहे असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी ती दोनदा वाचावी.

साहित्य

स्मार्टफोन एक (तुमचा). डाटा पॅक एक (तोही तुमचाच). सिम दोन, वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण पुढे येईल. टीव्ही संच एक, लोकवर्गणीतून आलेला. त्याच्या चौकटीवर देणगीदाराचं नाव ऑइलपेंटने लिहिलेलं असतं आणि रंग थोडा पडद्यावरही उतरलेला असतो, त्याला इलाज नाही. एक्स्टेन्शन बोर्ड एक, वायर लांब हवी. फ्लेक्स बॅनर, प्रत्येक उपक्रमाला नवा. उदगीरच्या एखाद्या फ्लेक्सवाल्याचा नंबर आजच सेव्ह करा. लेकरं, पटावर असतील तेवढी. ती यादीत शेवटी आली आहेत ते चुकून नव्हे.

चार्ज घेणे

मुख्याध्यापक, म्हणजे बहुधा शाळेतले दुसरे आणि शेवटचे शिक्षक, तुमच्यापुढे जडसंग्रह नोंदवही ठेवतील. सही करण्याआधी ती सावकाश वाचा. महाराष्ट्रातल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतका नेमका इतिहास कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही. 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, मुलांसाठी कार्यक्रम तयार होऊ लागले आणि शाळांमधून टीव्ही पोहोचले. 2017 साली बालचित्रवाणी बंद झाली. टीव्ही नोंदवहीत आहेच. त्याखाली संगणक. त्याखाली प्रोजेक्टर. त्याखाली टॅब, नग अमुक. शेरा सगळ्यांपुढे एकच: नादुरुस्त. या वस्तू टाकून देता येत नाहीत, कारण निर्लेखन व्हावं लागतं; निर्लेखनाला प्रस्ताव लागतो, आणि प्रस्ताव कुणी करत नाही कारण मग वस्तू नादुरुस्त का झाली याचा खुलासा लागतो. म्हणून शाळेत एक कपाट असतं. ते उघडताना बाजूला उभे राहा.

एक गोष्ट मात्र त्या नोंदवहीतून शिकून घ्या. प्रत्येक यंत्र आलं तेव्हा गाजावाजात आलं, आणि एकाही नोंदीपुढे ते कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयासाठी लागणार होतं ते लिहिलेलं नाही. तसा रकानाच नाही.

रेंज शोधणे

फोन उघडलात की कन्नडमधून तुमचं स्वागत होण्याचा संभव आहे. सीमेवरच्या गावात फोन कधी लातूर जिल्ह्याचा टॉवर पकडतो, कधी बीदरचा. गांगरू नका. 1956 पर्यंत हा सगळा उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके इकडे, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. पुढे उदगीरचा भाग काढून देवणी तालुका झाला. टॉवरला यातलं कुणी कळवलेलं दिसत नाही. दुसरं सिम यासाठी.

गावात रेंज कुठे येते हे कंपनीला विचारू नका, चौथीतल्या कुठल्याही पोराला विचारा. तुम्ही वर्गाच्या दारात हात उंच करून उभे असाल तेव्हा तेच म्हणेल, "सर, तिथं काय करूलालाव? इकडं टाकीखाली या." पाण्याची टाकी, मारुतीचा पार, एखाद्या पाटलांच्या माडीचा जिना अशा जागा असतात. त्या फळ्यावर नव्हे, मनात नोंदवून ठेवा. साहेब भेटीला आले की वर्ग तिथे न्यावा लागतो.

ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी असेल. गावोगाव फायबर नेण्याची ही योजना केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केली. पेटीवरचा दिवा हिरवा असेल तर पेटीला वीज आहे एवढंच समजावं.

लाईट

सकाळी असेल तर सकाळी. नाही तर फळा आहे.

पुस्तकातला चौकोन

पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी काळा-पांढरा चौकोन असतो. हा क्यूआर कोड. 2017 मध्ये आलेलं दीक्षा ॲप उतरवा, राज्य महाराष्ट्र निवडा, माध्यम मराठी निवडा (बीदरच्या टॉवरच्या प्रभावाखाली दुसरं काही निवडू नका), आणि कॅमेरा चौकोनावर धरा. चौकोनावर डाळीचं वरण सांडलं असेल तर कोड वाचला जात नाही. अशा वेळी त्याच्या खाली छापलेली सहा अक्षरं हाताने टाइप करा. ही सोय फार कमी जणांना माहीत आहे. बैठकीत सांगितलीत तर तुम्हाला तंत्रस्नेही शिक्षक म्हटलं जाईल आणि मग पुढची तीन वर्षं केंद्रातल्या सगळ्यांचे फॉर्म तुमच्याकडे येतील. सांगू नका.

या चौकोनाची कूळकथा मात्र प्रत्येक नवशिक्याला ठाऊक हवी, कारण प्रशिक्षणात ती अर्धीच सांगतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी. रणजितसिंह डिसले 2009 मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत गेले तेव्हा शाळा एका गोठ्याच्या आणि कोठाराच्या मधे होती. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. प्रशिक्षणात गोठा येतो, डॉलर येतात, मधे क्यूआर कोड येतो, टाळ्या होतात. गळतं ते असं: परितेवाडीच्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं मराठी. डिसले आधी कन्नड शिकले. मग पुस्तकं मुलांना कळतील अशी मांडली. मग त्यांना कविता ऐकवायची, पाठ दाखवायचा म्हणून पुस्तकावर चौकोन चिकटवले. चौकोन तिसऱ्या पायरीवर आला. आपण सगळ्यांनी तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केली, आणि देवणीच्या सीमेवरच्या गावांत, जिथे एकाच बाकावर मराठी, कन्नड, उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी बोलणारी लेकरं बसतात, तिथेही.

(डिसले यांना पुढे फुलब्राइटसाठी अमेरिकेला जायचं होतं. 2022 मध्ये रजेवरून वाद झाला, शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातलं तेव्हा रजा मिळाली. तेव्हा पुरस्काराची तयारी करत असाल तर रजेचा अर्ज आधी टाकून ठेवा.)

व्हिडिओ निवडणे

विषय: परिसर अभ्यास. घटक: आपले पाळीव प्राणी. तुम्ही रात्री टाकीखाली बसून एक सुंदर व्हिडिओ उतरवला आहे. हिरवंगार कुरण, संगीत, आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची धष्टपुष्ट गाय. टीव्ही लागतो, लाईट असते, सगळं जुळून येतं. दुसऱ्या मिनिटाला मागच्या ओळीतून आवाज येतो, "सर, हिला वशिंड कुठं हाय?"

इथे लक्षात घ्या, तुम्ही देवणीत आहात. देशभरातल्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत या गावाचं नाव एका गोवंशाला आहे. गीर, डांगी आणि इथली गावरान जनावरं यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून देवणी जात झाली. गाय दुधाला, बैल कामाला. पूर्ण पांढरी ती बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळी ती वानेरा, अंगावर काळे डाग ती शेवरा. हे वर्गातल्या निम्म्या लेकरांना तुमच्याआधी माहीत आहे. त्यांच्यापुढे तुम्ही वशिंडाविना गाय ठेवलीत.

आता दोन मार्ग आहेत. पहिला, "पुस्तकात आहे ते बघ" म्हणणे. हा परंपरेने चालत आलेला आहे. दुसरा, टीव्ही बंद करून फोन त्या मागच्या ओळीतल्या लेकराच्या हातात देणे आणि सगळा वर्ग त्याच्या आजोबांच्या गोठ्यावर नेणे. आजोबा बोलतील. शिंगं कशी बघायची, पोळी किती लोंबते, खिल्लार आणि देवणी लांबून कसे ओळखायचे, उदगीरच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव कसा करतात. पोरं चित्रीकरण करतील, अर्ध्या वेळ कॅमेरा शेणाकडे राहील, हरकत नाही. परत येऊन तोच व्हिडिओ टीव्हीवर लावा आणि त्यावर लेकरांना पाच वाक्यं लिहायला सांगा. कार्यालयीन भाषेत याला 'स्थानिक ई-साहित्य निर्मिती' म्हणतात आणि त्याचं प्रशिक्षण मुरूडच्या डाएटमध्ये घेता येतं, पण गोठा शाळेला जवळ पडतो.

भागीदार ओळखणे

एकट्या शाळेने काही होत नाही, म्हणून भागीदार हवेत. ते मुख्यतः पावसाळ्यानंतर आणि मार्च संपायच्या आत येतात. काही टॅब देऊन जातात. काही भिंत रंगवून जातात. काही काहीच देत नाहीत, लेकरांची चाचणी घेऊन आकडे नेतात आणि पुढच्या वर्षी ते आकडे सुधारले असं तुम्हालाच इंग्रजीत कळवतात. क्वचित कुणी येतं आणि विचारतं, "गुरुजी, तुम्हाला काय शिकवताना अडचण येते?" अशा माणसाला चहा द्या, जेवायला थांबवा, नंबर घ्या.

मोठे भागीदार पाहायचे तर मेळघाटातलं हरिसाल आठवा. 2016 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ते डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. 2019 च्या निवडणुकीत त्याच गावाचे व्हिडिओ सभेत दाखवून सरकारला जाब विचारला गेला. 'लाव रे तो व्हिडिओ' तेव्हाचंच. तुमच्या शाळेवर कुणी सभा घेणार नाही, पण उद्घाटनानंतर वर्षभराने कुणी कॅमेरा घेऊन आलं तर काय दिसेल, एवढा विचार करारावर सही करताना करायला पैसे पडत नाहीत.

करार म्हणाल तर लातूर जिल्ह्याने भागीदारी करार न करता पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. नंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना पुण्याला नेलं आणि त्यांचं शिक्षण केलं. फोन नव्हते, ॲप नव्हतं, डॅशबोर्ड नव्हता. मुलं होती, जागा होती, आणि शाळा संपेपर्यंत सांभाळायची तयारी होती. आज कुणी तीन महिन्यांचा प्रकल्प घेऊन आलं की मी मनातल्या मनात त्याला किल्लारीच्या फूटपट्टीने मोजतो. हा अन्याय आहे हे मान्य, पण मोजायला दुसरी पट्टी जवळ नाही.

मागच्या मोठ्या परीक्षेचा निकाल

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत सगळे ऑनलाईन झाले. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोज अभ्यास फोनवर येऊ लागला. फोन बापाच्या खिशात, बाप सकाळी आठला शेतात. म्हणजे तिसरीचा अभ्यास रोज नेमाने सोयाबीनच्या फडात पोहोचत होता आणि संध्याकाळी बॅटरी संपून घरी येत होता. दिवाळीनंतर तांड्यावरचे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांना निघाले. त्यांच्याबरोबर गेलेल्या लेकरांचा अभ्यास कुठल्या जिल्ह्यात पोहोचला कोण जाणे.

या काळातल्या चांगल्या कल्पनांत एक समान धागा होता: त्यांनी गृहीत धरलं नाही की मुलाच्या हातात फोन आहे. एमकेसीएलची 'टिलीमिली' मालिका 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर आली. घरातल्या वस्तूंनी, घरातल्या माणसांबरोबर करायच्या गोष्टी त्यात होत्या. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघरच्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' लाऊडस्पीकरवरून भरली. देवणीच्या नवशिक्याने हे पाठ करून ठेवावं, कारण रेंज पुन्हा जाणार आहे. बहुधा आज दुपारीच.

नोंदी भरणे

हा मुख्य घटक. गुण सर्वाधिक.

सकाळी साडेनऊला केंद्राच्या ग्रुपवर संदेश येईल: 'अतितात्काळ. खालील लिंक आज 11 पर्यंत भरावी. न भरणाऱ्या शाळेची नावे गटात टाकली जातील.' तुम्ही नवखे आहात म्हणून विचाराल, काल भरली तीच माहिती आज का? उत्तर: काल एक्सेलमध्ये मागितली होती. विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लसवर, तीच सरलवर, पोषण आहाराची रोज वेगळी, पगाराची शालार्थवर, हजेरी चॅटबॉटवर, चाचणीचे गुण आणखी कुठेतरी. एखादं लेकरू वर्गात नसेल तर त्याच्या घरी जाऊन आणणं हा पर्याय कुठल्याही मेनूत नाही.

आधारची जुळणी स्वतंत्रपणे शिकावी लागते. सीमेवरच्या पोरांची आई बऱ्याचदा पलीकडची. बाळंतपण माहेरी झालेलं, आधार बीदरला काढलेलं. त्यावर नाव कन्नड वळणाने लिहिलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे निराळं. पोर्टल म्हणतं ही दोन मुलं आहेत. तुमच्यापुढे एकच उभं आहे, नाक पुसत. अशा वेळी पोर्टलशी वाद घालू नये. पालकांना उदगीरच्या आधार केंद्रावर पाठवा. त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, हे मात्र कुठल्याच पोर्टलवर भरता येत नाही.

छायाचित्राचे नियम: बॅनर मध्यभागी. त्यावरची सर्व नावं वाचता आली पाहिजेत. मान्यवर बॅनरपुढे, लेकरं खाली मांडी घालून, टॅब छातीशी धरलेले. टॅब चालू असण्याची अट नाही. ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटलीच पाहिजे. टॉवर बीदरचा असेल तर आधी सिम बदला, नाहीतर तुमचा वाचन उत्सव परराज्यात झाला असं दिसेल.

पलीकडच्या शाळेशी बोलणे (ऐच्छिक)

यासाठी गुण नाहीत, लिंकही नाही. डिसल्यांनी 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' नावाचा उपक्रम केला, भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा देशांतली मुलं एकमेकांशी बोलती केली. आपली सीमा त्याहून स्वस्त आहे. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. पुस्तकं कर्नाटक सरकारची, भाषा मराठी, आणि बाजूच्या वर्गात कन्नड. तिथल्या एखाद्या गुरुजींचा नंबर मिळवणं अवघड नाही. गावातल्या निम्म्या सुना तिकडच्या आहेत, त्यांना विचारा.

दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांना सांगून ठेवा. पहिला कॉल लेकरांना ओळख करून देण्यात जातो: नाव, इयत्ता, आवडता क्रिकेटपटू. दुसऱ्यात ती आपापली पुस्तकं कॅमेऱ्यापुढे धरतात आणि कुणाच्या इतिहासात कोण जास्त आहे यावरून जुंपते. तिसऱ्यापासून कामाला लागतात. तिकडची पोरं इकडच्यांना कन्नड आकडे शिकवतात, कारण बाजारात लागतात. तुमच्या वर्गात गप्प बसणारी कन्नड घरातली मुलगी अचानक दुभाषी होते आणि तिला कुणालाही 'बोल ना' म्हणावं लागत नाही. हे घडत असताना फोटो काढायचं राहून जातं. अहवालात त्या रकान्यात 'निरंक' लिहा. केंद्रप्रमुखांचा फोन येईल, तो उचला, आणि खरं काय झालं ते सांगा. तेही कधीतरी वर्गावर होते.

फुकटचा कॉल चाळीस मिनिटांनी आपोआप कटतो. नेमका त्याच वेळी मुद्दा रंगात आलेला असतो. देवणी बैल आपलाच, असं इकडची लेकरं म्हणतात. तिकडची म्हणतात, आमच्या बीदरला पण हाच असतो, आमच्या घरी दोन आहेत. पुढच्या कॉलचा विषय हाच ठेवा. दोन्हीकडच्या पोरांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगा, आणि त्या दिवशी तुम्ही मधे बोलू नका.